घंटा रिकामी परतत नाही

व्हॅलेरियनला टायफॉईडने मारलं नाही. मारलं ते प्लासिडने, चर्चच्या घंटेवरून, भर सकाळी, होळी नावाच्या अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.

प्लासिड चर्चची घंटा वाजवायचा. गावातली बातमी आपल्या तोंडून पहिली निघाली नाही तर त्याला जेवण गोड लागत नसे. कोणी गेलं की घरच्यांनी फादरांना सांगायचं, फादरांनी प्लासिडला, आणि मग मरणाची घंटा पडायची, असा रिवाज. पण त्या ऑक्टोबरात भाजीच्या पाट्या पोचवणारा धर्मा इस्पितळावरून येताना म्हणाला, "व्हॅलेरियनची खाट रिकामी हाय. चादर पन काढलेली." तेवढ्यावर प्लासिडने दोर धरला. व्हॅलेरियनला त्या वेळी एक्स-रेसाठी खाली नेलं होतं.

त्याची बायको लुईझा विहिरीवर होती. घंटा ऐकून ती शेजारणीला विचारते आहे, "कोण गेलं गं?", तोच उत्तर घेऊन प्लासिड स्वतः फाटकातून आत आला. बायकांनी तिच्या केसांतलं फूल काढलं, चूल विझवली. संध्याकाळी खरं कळेपर्यंत ती नवऱ्याचा लग्नातला कोट मांडीवर घेऊन बसली होती. पुरताना घालायचा म्हणून काढलेला.

"चूक माणसाच्याच हातून होते," प्लासिड नंतर म्हणाला, तेही धर्माकडे बोट दाखवून.

व्हॅलेरियन मोठा हिशेबी. आजारपणात मोसंबी कोणी आणली, नुसता सल्ला कोणी आणला, आणि मोसंबी आणून गप्पांच्या भरात स्वतःच कोणी संपवली, सगळं त्याच्या डोक्यात जमाखर्चासकट होतं. कोट मात्र त्याने वेगळ्या खात्यावर टाकला. घंटा साऱ्या गावाने ऐकली होती, तर कबुलीही साऱ्या गावाने ऐकायला हवी होती. त्याशिवाय ते खातं मिटणार नव्हतं.

पण सूड घ्यायलाही पायांत जोर लागतो. वालीवच्या कारखान्यात रोज सायकल मारत जाणारा हा फिटर आता न्हाणीपर्यंत भिंत धरून जात होता. डिसेंबर लागला तसं डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, पण बेताने. पहिल्या सकाळी लुईझाने त्याला कानटोपी घातली, वर मफलर आणि त्याच्यावर आपली शाल गुंडाळली.

"बुजगावणं दिसताय नुसतं."

"दिसू दे. एका कावळ्याला घाबरवायचंच आहे."

केळीच्या वाड्यांत धुकं बसलं होतं. चार पायडल मारले आणि मांड्या लटपटायला लागल्या. घाम फुटला तोही गार. क्रूसाच्या चौथऱ्यावर तो बराच वेळ टेकला आणि सायकल हातात धरून परत आला. दुसऱ्या दिवशी मात्र प्लासिडच्या फाटकापर्यंत पोचला आणि घंटी वाजवली.

मशेरी लावत असलेला प्लासिड बाहेर आला आणि जागीच थिजला.

"काय प्लासिडभाऊ, तब्येत कशी?"

"माझी? मला काय धाड भरलीय! तू कशाला निघालास एवढ्या थंडीत? झोपून राहा, व्हॅली. घाई कसली आहे?"

एवढी काळजी! व्हॅलेरियनला ही जमा खोटी वाटली, पण का, ते उमजेना. ते उमजलं पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, जेव्हा त्याची धाव तिथवर गेली. बोंबील वाळत घालता घालता, ताईत-दोरे करून देणारी कोळीण पुतळाबाई त्याला पाहून ओरडली, "अरे, तुजी तर घंटा वाजलेली ना!"

"वाजली. मी गेलो नाही, एवढंच."

"मंग तो प्लासिड जानार," ती सहज म्हणाली. "घंटा रिकामी परतत नाय, आमच्यात पन म्हनतात. मानूस नाय मिळाला तर वाजवनाऱ्याला नेते. परवा येऊन बसलेला माज्याकडं, ताईत दे म्हनून. फादरला सांगू नको म्हनाला. मी कशाला सांगते?"

मग तिने सांगितलं ते काय होतं, असं व्हॅलेरियनने विचारलं नाही. परतीच्या वाटेवर समोरून वारा होता, पण पाय आपोआप फिरत होते.

त्या दिवसापासून रोज सकाळी प्लासिडच्या फाटकाशी सायकलची घंटी वाजू लागली. "प्लासिडभाऊ, रंग उतरलेला दिसतो." दुसऱ्या दिवशी, "जेवण जातं ना? माझंही आधी जेवणच सुटलं होतं." व्हॅलेरियनच्या गालांवर जेवढं मांस चढलं, तेवढं प्लासिडच्या गालांवरून उतरलं. टायफॉईडचं औषध बंद झालं. हे औषध मात्र व्हॅलेरियन रोज न चुकता घेत होता.

नाताळ जवळ आला तशी एका सकाळी प्लासिडने सायकलचं हँडलच धरलं. शर्टाच्या गळ्यातून ताईताचा काळा दोरा डोकावत होता.

"व्हॅली, काय हवंय तुला? माफी मागतो ना."

"इथे? इथे कोण ऐकतंय, तुझ्या कोंबड्या? घंटेवर मारलंस, घंटेवरच जिवंत कर. सणाची वाजव."

"आज मंगळवार आहे! लोक विचारतील, सण कसला?"

"विचारतील. तू सांग."

तासाभराने होळी गावात सणाची घंटा घणाणली. लोक धावत सुटले. कोणाच्या हाताला नाताळच्या नेवऱ्या-करंज्यांचं पीठ, कोणाच्या तोंडाला साबण. "बिशप आले काय?" "कोणाचं लग्न?" फादर चष्मा पुसत बाहेर आले. प्लासिड पायरीवर उभा, आणि जन्मात पहिल्यांदाच बातमी असून तोंड उघडत नव्हतं.

"व्हॅलेरियन... जिवंत आहे," तो अखेर म्हणाला.

"ते आम्हाला दिसतंय की!" कोणीतरी ओरडलं. "पुढे बोल!"

"मी कोणाला न विचारता घंटा मारली. धर्माची चूक नव्हती. माझी होती." मग त्याने लुईझाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

लोकांच्या मध्ये वाट झाली. व्हॅलेरियन सायकलवरून आला, अंगात तोच लग्नातला कोट. आता तो खांद्यांवरून ओघळत होता. चर्चला त्याने एक फेरी घातली, कोणाचा आधार न घेता, आणि पायरीपाशी पाय टेकला.

प्लासिड जवळ येऊन पुटपुटला, "झालं ना? आता ते घंटेचं... सुटलो ना मी?"

व्हॅलेरियनने कोटाच्या बाहीवरची धूळ सावकाश झटकली.

"माझ्याकडून सुटलास, प्लासिडभाऊ. घंटेच्या मनात काय आहे, ते मला काय ठाऊक?"

आणि पायडलवर पाय देता देता त्याने लुईझाला सांगितलं, "कानटोपी बाहेरच ठेव. उद्याही निघायचंय."