धुऱ्या आणि पाठमोरी माणसं

आमच्या घरी यायचं तर फाटकापासून पाठमोरं यावं लागायचं, आणि तेही कमरेत वाकून. सानगडीतल्या लोकांना त्याची सवय झाली होती, पण नवीन माणसाला वाटायचं, या घरात नक्की काहीतरी बिघडलेलं आहे. बिघडलं होतंच, फक्त ते घरात नाही, धानाच्या शेतात, म्हणजे बांधीत बिघडलं होतं. आणि ते आम्ही बायकांनीच बिघडवलं होतं, तेही मोठ्या प्रेमाने.

धुऱ्या मागच्या वर्षीच्या रोवण्यात सापडला. रोवणा म्हणजे धानाची लावणी. दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि तिथे पऱ्ह्यांच्या जुड्या ठेवल्या होत्या. रोपं घ्यायला हात घातला तर त्यातून एक तपकिरी, ओलंकच्च कुत्र्याचं पिल्लू निघालं. त्याची आई कुठे गेली, कोणी आणून टाकलं, काही कळलं नाही. माझ्या सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, त्याला पदराने पुसलं, धुऱ्यावर बसवलं, आणि नावही तेच ठेवून टाकलं.

रोवणा करणारी बाई पुढे जात नाही. ती वाकते, रोप खोचते आणि मागे सरकते. तिच्या तोंडासमोर हिरवं वाढत जातं आणि पाठीमागे नुसता चिखल असतो. त्या चिखलाच्या पाण्यात आभाळ उतरलेलं असतं. वाकून वाकून डोकं हलकं झालं की मला तर वाटतं, मी ढगातच धान लावते आहे. सासूबाई म्हणतात, माझे डोळे उघडे असले तरी मी जागी असेनच असं नाही. म्हणू देत. दिवसभर चिखलात उभं राहायचं तर असलं काहीतरी लागतंच.

तर धुऱ्या आमच्या मागे धुऱ्यावर बसून असायचा. त्याच्याकडे दिवसभर वाकलेल्या पाठींची एक रांग हळूहळू सरकत यायची. रांग धुऱ्याला टेकली की बायका उभ्या राहायच्या, वळायच्या, त्याला उचलायच्या, भाताचा गोळा भरवायच्या. दोन रोवणे त्याने असे पाहिले.

बांधीत तो साधू होता, घरी मात्र राक्षस. कोणी फाटकातून सरळ चालत आलं की छातीतून भुंकत धावून जायचा. लहान होता तेव्हा आम्ही हसायचो, म्हणायचो, बघा कसा पाटील झाला. वर्षभरात तो माझ्या मांडीएवढा उंच झाला आणि हसू बंद झालं. मला आणि सासूबाईंना तो काही करत नसे. शेजारच्या रत्नाबाईंना कुंपणावरूनच बोलावं लागे.

पण खरा घोळ माझ्या नवऱ्याचा होता. वीरेंद्र तुमसरला राईस मिलमध्ये कामाला आहे. तिथेच खोली करून राहतो आणि शनिवारी दोन एसट्या बदलून घरी येतो. आठवडाभर भुशाच्या धुळीत काढून माणूस आपल्या दारात यावा आणि कुत्र्याने त्याला आत येऊ देऊ नये! गल्लीत पिशवी धरून उभा राहायचा बिचारा. मी जाऊन धुऱ्याला गळ्याशी धरायची, मग तो भिंतीला घासून आत यायचा. माणसं बघायची. कोणी विचारायचं, पाहुणे कुठले.

त्याने काही केलं नाही असं नाही. आधी बिस्किटं आणली. धुऱ्याने बिस्किटं खाल्ली आणि पुन्हा भुंकला. मग काठी आणली, त्याने तर पुरता सत्यानाश झाला. मग मोबाइलवर कुठल्याशा शहरातल्या गुरुजींचा व्हिडिओ पाहून, कुत्र्याच्या डोळ्यांत न बघता, आभाळाकडे तोंड करून आला आणि गोठ्याच्या नालीत पडला. मी हसले. हसायला नको होतं, पण माझं तोंड माझं ऐकत नाही.

नवरात्राच्या आधीच्या शनिवारी त्याने पिशवीतून एक साखळी काढून ओट्यावर ठेवली. चांगली जाड, नवी. मिलच्या मालकाला रखवालीला कुत्रं हवं होतं. मंडईपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेपर्यंत बघू, तो म्हणाला. मंडईला घरोघर पाहुणे येणार, लेकरं येणार, कोणाला चावला तर निस्तरणार कोण? तोवर सुधारला नाही तर मंडईच्या दुसऱ्या दिवशी धुऱ्या तुमसरला जाईल.

मी ती मिल पाहिली आहे. तिथला आधीचा कुत्रा फाटकाच्या खांबाला बांधलेला असायचा आणि त्याच्या फिरण्याने खांबाभोवती जमिनीत एक गोल खळगा पडला होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्याला अख्ख्या बांधीचं आभाळ माहीत आहे, त्याने त्या खळग्यात जन्म काढायचा, हे मला सहनच होईना. आणि नवऱ्याचाही राग करता येईना, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी आम्ही अंगण सारवायला घेतलं. सासूबाईंची कंबर धरली होती म्हणून रत्नाबाई मदतीला आल्या. मी धुऱ्याला धरून त्यांना आत घेतलं आणि त्याला तुळशीपाशी बांधलं. रत्नाबाईंनी फाटकापाशी सुरुवात केली. उकिडव्या बसल्या, शेणाचा हात फिरवत मागे मागे सरकू लागल्या. दुपार कलली होती, ओलं अंगण चमकत होतं, आणि मी नेहमीप्रमाणे कुठेतरी हरवले होते. भानावर आले तेव्हा रत्नाबाई सरकत सरकत धुऱ्याच्या पुढ्यात पोचल्या होत्या.

धुऱ्या शेपूट हलवत होता. कान मागे, डोळे अर्धे मिटलेले, अगदी बांधीतल्यासारखे. रत्नाबाईंची पाठ जवळ आली तशी त्याने त्यांचा खांदा चाटला. रत्नाबाई किंचाळून उठल्या, वळल्या, त्याच्याकडे पाहतच राहिल्या. तो आपला भाताचा गोळा येईल म्हणून बसलेला.

तेव्हा मला सगळं दिसलं, त्या ओल्या अंगणात दिसावं तसं. धुऱ्याच्या हिशेबाने चांगली माणसं पाठीकडूनच येतात. आणि सरळ तोंड करून कोण येतं? रोवलेली बांधी तुडवायला येणारं येतं. कोणाची गाय, कोणाचं पोर, बांधीत शिरलं की आम्ही सगळ्या एकदम ओरडायचो. आणि पहिल्या वर्षी स्वतः वीरेंद्र आला होता. शनिवार होता, आम्हाला आनंद व्हावा म्हणून जिलबीचा पुडा घेऊन, शहरी बूट घालून, नुकत्या लावलेल्या धानातून सरळ चालत. आमची सगळी रांग त्याच्यावर तुटून पडली होती. त्या आरड्याओरड्यात पिल्लाने आयुष्यात पहिल्यांदा भुंकून पाहिलं होतं, आणि आम्ही त्याला शाबासकी दिली होती. तो राखण करत नव्हताच. तो आमचं ऐकत होता.

शनिवारी मी फाटकाबाहेर जाऊन वीरेंद्रला हे सगळं सांगितलं, आणि वाकून, पाठमोरं आत यायला सांगितलं. तो माझ्याकडे असं पाहू लागला की आता मलाच साखळी लावतो.

"माह्याच घरात मी चोरासारखा पाठ करून येऊ काय?"

"चोर पाठ करून नाई येत," मी म्हटलं. "रोवणा करनारी बाई येते. तुमी एकडाव वाकून त पाहा."

त्याने पिशवी खाली ठेवली. समोरच्या ओट्यावर दोघं-चौघं बसली होती, त्यांच्याकडे पाहिलं. मग जे बोलला ते माझ्याकडे न बघता बोलला.

"तो कुत्रा भुकते त्याचं काई नाई, रीता. पन तो खरं बोलून राहिला असं वाटते मले. आठ दिवसांतून येनारा मानूस या घरचा कसा?"

इतकी वर्षं हा माणूस शनिवारी येतो, रविवारी जातो, आणि मी आपली त्याचे कपडे धुते, डबा भरते. त्याला असं वाटत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि मी तर स्वप्नं बघण्यात पटाईत. मला रडू आलं. मी म्हटलं, मी आत जाते, तुम्हाला वाटलं तर या.

मी आत जाऊन धुऱ्याजवळ बसले. सासूबाई भाताचा गोळा घेऊन ओट्यावर. बराच वेळ फाटकात कोणी नव्हतं. तळ्यावरून धुकं उतरायला लागलं होतं, कुंपणाच्या काड्या दिसेनाशा होत होत्या. मग त्या धुक्यातून एक पाठ आत आली. वाकलेली, घामाने भिजलेली, मिलच्या भुशाने पांढुरकी झालेली. पाऊल मागे, पुन्हा पाऊल मागे. दोन्ही हात खाली, जणू बोटांत रोपं आहेत. समोरच्या ओट्यावरची माणसं हसली का, मला माहीत नाही. मला काही ऐकूच आलं नाही.

धुऱ्या उठला. मी त्याला धरलं नाही. तो शेपूट हलवत वाट बघत राहिला आणि पाठ टप्प्यात आली तशी त्याने वीरेंद्रच्या पाठीला डोकं टेकलं.

वीरेंद्र तसाच वाकून राहिला. खालूनच आवाज आला, "आता काय करू?"

"आता सरळ हो आन् वळ, वीरू," सासूबाई म्हणाल्या. "आन् हा गोळा दे त्याले."

त्यानंतरचे शनिवार मला एखाद्या लांब स्वप्नासारखे आठवतात. आधी तो पूर्ण पाठमोरा यायचा. मग दारापाशी अर्धा वळून यायचा, मग खेकड्यासारखा आडवा. प्रत्येक वेळी भाताचा गोळा. धुऱ्या गोंधळायचा, एक कान वर एक खाली. गुरगुर आली की वीरेंद्र पुन्हा पाठ करायचा आणि पहिल्यापासून सुरू. चिडका माणूस आहे तो, मिलमध्ये त्याच्या आवाजाने पोरं पळतात. पण इथे त्याने एकदाही आवाज चढवला नाही. मधल्या दिवसांत रत्नाबाई आणि गल्लीतली माणसं ते काम करायची. संध्याकाळी एकामागून एक माणसं आमच्या अंगणात उलटी चालत यायची, कोणी हसत, कोणी अगदी गंभीर, आणि मला ओट्यावर बसून वाटायचं, सगळं गाव मागे मागे सरकत कुठल्यातरी चांगल्या दिवसाकडे चाललं आहे.

धान कापून झालं आणि मंडई आली, नेमकी शनिवारी, म्हणून वीरेंद्र आदल्या रात्रीच आला होता. सकाळपासून पाहुण्यांची रीघ. साखळी ओट्यावरच्या खुंटीला लटकत होती. वीरेंद्र फाटकात उभा राहून एकेकाला आत घेत होता आणि धुऱ्या त्याच्या शेजारी बसून होता, थरथरत, पण बसून. तेवढ्यात वीरेंद्रचे जागेश्वरमामा आले. मोठे फेटेवाले, मोठ्या आवाजाचे, कोणाचं ऐकून घेणारे नव्हेत. हात पसरून, सरळ, धाडधाड आत. धुऱ्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आता संपलं, असंच वाटलं.

धुऱ्याने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा वीरेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठला आणि वीरेंद्रच्या मागे जाऊन, त्याच्या पोटऱ्यांना डोकं टेकून उभा राहिला. आपल्याला सुचलं नाही की आपण घरच्या माणसाआड होतो, तसा.

वीरेंद्रने मागे हात नेऊन त्याचं डोकं धरलं. मामा विचारत होते, काहून रे, काय झालं? तो नुसती मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने खुंटीवरची साखळी काढली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तो फाटकापाशी गेला, त्याचा निखळलेला बांबू जागेवर बसवला आणि साखळीने करकचून बांधला. कधीपासून दुरुस्त करायचं राहिलं होतं ते. मग पिशवी उचलून निघाला.

मी आणि धुऱ्या फाटकात उभे होतो. वीरेंद्र तळ्याच्या पाळीवरून एसटीच्या थांब्याकडे चालला होता. त्याची पाठ लहान होत होती. मी धुऱ्याकडे पाहिलं, तर तो शेपूट हलवत होता. कान मागे, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या लक्षात आलं. त्याला पाठ दिसते आहे, आणि पाठ दिसते म्हणजे माणूस येतो आहे. त्याच्या लेखी वीरेंद्र जातच नव्हता. हळू हळू, रोवणा करत, आमच्याकडे सरकत होता.

लग्न झाल्यापासून दर रविवारी मी ती पाठ जाताना पाहत आले आहे, आणि दर वेळी वळून कामाला लागले आहे, डोळे भरू नयेत म्हणून. त्या दिवशी मी वळले नाही. धुऱ्याजवळ खाली बसले.

पाळीच्या टोकाला वीरेंद्र थांबला आणि त्याने मागे पाहिलं. आम्ही दोघं फाटकात बसलेले त्याला दिसले असावेत. तो पुन्हा चालू लागला, पण सरळ नाही. आमच्याकडे तोंड करून, पाऊल मागे, पुन्हा पाऊल मागे, धुकं त्याला गिळेपर्यंत. धुऱ्या त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि भुंकला नाही.