पुसलेले आकडे

मी एक जुने मोटारीचे इंजिन आहे. जुने म्हटले की लोक हळहळतात आणि 'वय झालं होतं बिचाऱ्याचं' असे म्हणून मोकळे होतात. मित्रांनो, मला त्या हळहळीचा मनापासून राग येतो. मी वयाने गेलेले नाही. मी कसे गेले हे या जगात दोघांनाच ठाऊक आहे. त्यातला एक बोलत नाही, आणि दुसऱ्याला, म्हणजे मला, कोणी विचारत नाही. तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर आज सगळे सांगून टाकते.

वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. माझ्या पोटात चार पिस्टन आहेत. प्रत्येक पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणारा एक रॉड असतो. त्या रॉडच्या टोकाला एक अर्धगोल टोपी असते, ती क्रँकला मिठी मारून बसते आणि दोन बोल्टांनी आवळली जाते. रॉड आणि त्याची टोपी कारखान्यात जोडीनेच कापतात. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. दिसायला चारही सारख्या, पण केसाएवढा फरक असतोच. म्हणून एका चष्मेवाल्या कारागिराने हातोडी मारून प्रत्येक जोडीवर आकडे उठवले. एक, दोन, तीन, चार. या आकड्यांकडे नीट लक्ष द्या, पुढचे सगळे रामायण त्यांच्यापायीच घडले.

माझी मालकीण परिचारिका होती. घरोघरी जाऊन ती बाळंतिणींना आणि म्हाताऱ्यांना तपासायची. बावीस वर्षे मी तिला वेळेवर पोहोचवले. दर रविवारी ती पट्टी काढून माझे तेल बघायची आणि म्हणायची, "घरात माझं ऐकणारं एवढं एकच आहे." पुढे तिची नजर कमी झाली, नोकरी संपली, आणि माझ्या गाडीवर ताडपत्री पडली. अकरा वर्षे! उंदरांनी वायरी खाल्ल्या, पाण्याच्या वाटा गंजाने बुजल्या. गाडीच्या टपावर लोक चादरी वाळत घालू लागले. माझे ऐकतेस म्हणणारी ती बाईसुद्धा फिरकली नाही. तेव्हा वाटले होते की याहून वाईट काय होणार!

मालकिणीला दोन मुले. थोरली ताई एका कारखान्यात लेथवर काम करायची. आठ वर्षे ती रोज एकच एक लोखंडी कडे कापत होती. एकाच मापाचे, हजारो. तिच्या हातात जादू होती आणि ती त्या कड्यांवर वाया चालली होती. धाकटा भाऊ टायरच्या दुकानात होता. तिशी ओलांडली तरी शर्यतीचे वेड गेले नव्हते. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, एवढे मी मान्य करते.

एका सुट्टीच्या सकाळी दोघांनी ताडपत्री ओढून काढली. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे त्यांनी ठरवले होते. ताईने मला गॅरेजात स्क्रूपर्यंत सुटे केले. माझे पोट रुंद केले, माथा खरवडून दाब वाढवला, जड चाक लेथवर चढवून हलके केले, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले. घर म्हणजे नुसता कारखाना झाला होता. पिस्टन गरम करायला स्वयंपाकघरातला ओव्हन आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा चमच्यांच्या खणात. मालकीण कुरकुरायची, "अगं, ढवळायला चमचा मागितला तर हातात स्प्रिंग येते माझ्या! उद्या आमटीत नट सापडायचा." पण रागावलेली नव्हती. मीही सुखात होते. इतक्या प्रेमाने मला कोणी कधीच हात लावला नव्हता.

याच दिवसांत शर्यतीच्या एका मोठ्या संघाचा मालक मला बघायला आला. सगळे त्याला गॉगलवाले म्हणत. ताईने मोजलेली मापे त्याने वहीत वाचली आणि गॉगल कपाळावर सरकवला. "या इंजिनाला शर्यत धड पूर्ण करू दे," तो म्हणाला, "मग ती कडी कापणं सोडा. माझी सगळी इंजिनं तुम्हीच बांधायची."

ताईने वही परत घेतली. तो गेल्यावर मात्र गॅरेजात एकटीच हसली. मी पाहिले.

शर्यतीला पाच दिवस उरले होते. ताई कामावर गेलेली असताना धाकट्याला मदतीची लहर आली. शर्यतीच्या इंजिनाचे रॉड घासून गुळगुळीत करतात, म्हणजे ते तडकत नाहीत. हे खरेच आहे. त्याने टोप्या सोडवल्या आणि घासायला बसला. घासताना आकडे जाणार हे त्याच्या लक्षात आले, म्हणून शहाण्याने आतल्या बाजूने खडूने खुणा केल्या. काम झकास झाले. आरशासारखे चकचकीत. मग भुकटी धुवायला त्याने सगळे एकाच तसराळ्यात रॉकेलमध्ये बुडवले, आणि बाहेर काढले तेव्हा खडूचा मागमूस नव्हता.

मित्रांनो, चूक इथवर साधी होती. हातून होते अशी. 'ताई, घोटाळा झाला' एवढे तीन शब्द बोलला असता, तर तिने मापून दोन तासांत जोड्या लावल्या असत्या. कान उपटले असते आणि चहा केला असता. पण त्याने तसराळ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि अंदाजाने टोप्या जुळवल्या. पहिली आणि चौथी बरोबर लागली. दुसरी आणि तिसरी उलटी.

संध्याकाळी ताईने रॉड उचलून बघितले. "अरे, आकडे कुठे गेले?"

"घासण्यात गेले. खुणा केल्या होत्या ना मी! बघूनच लावलेत."

तिने मला जोडले, ताण मोजणाऱ्या पान्याने बोल्ट आवळले आणि क्रँक हाताने फिरवला. तिचा हात थांबला. "जरा जड फिरतंय रे."

"पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, फिरणारच जड."

तिने मायक्रोमीटरची पेटी उघडली. "एकदा मापून घेऊ या का?"

"म्हणजे माझ्यावर विश्वासच नाही तुझा," तो म्हणाला. अगदी लागल्यासारखा म्हणाला.

ताईने पेटी मिटली. तिची चूक काढायचीच असेल, तर एवढीच.

शर्यत बारा फेऱ्यांची होती. पहिल्या पाच फेऱ्या मी असे धावले की कठड्यावरचे लोक उभे राहिले. आम्ही तिसरे होतो. सहाव्या फेरीत दुसऱ्या रॉडची टोपी क्रँकला खाऊ लागली. मी टकटक सुरू केली. इंजिनाला एवढीच भाषा येते. धाकट्याने ऐकले. आवाज कशाचा हे सगळ्या मैदानात त्याला एकट्यालाच कळत होते. थांबला असता तर मी वाचले असते. पण थांबला असता तर ताईने मला उघडले असते. त्याने पाय आणखी दाबला. सातवी, आठवी. नवव्या फेरीत बोल्ट तुटला, आणि तो चकचकीत रॉड माझी कूस फोडून बाहेर आला.

धाकट्याला ओरखडाही उठला नाही. ताई धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि सांडलेल्या तेलातून बोल्टाचा तुकडा उचलला. "बोल्ट मीच आवळले होते," ती म्हणाली. गॉगलवाले नरमाईने बोलले, "हात चांगला आहे तुमचा. पण शर्यतीचं काम वेगळं असतं." मागून कोणीतरी म्हणाले, "बाईच्या हातचं इंजिन, आणखी काय होणार?" धाकटा शेजारीच उभा होता. हेल्मेट काखेत धरून तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

मला उघडून बघायचे ताईच्या मनात होते. "नको बघूस, उगीच त्रास होईल तुला," असे म्हणून त्याने माझे पोट स्वतःच रिकामे केले आणि रॉड, टोप्या, क्रँक सगळे भंगारात देऊन टाकले. किती काळजी बहिणीची!

ताई पुन्हा कडी कापते आहे. हत्यारांच्या पेटीला तिने तेल लावले, कुलूप घातले आणि पेटी पलंगाखाली ढकलली. घरातला नळ गळायला लागला, तेव्हा आई म्हणाली, "बघतेस का गं जरा?" ताई म्हणाली, "दुसऱ्या कोणाला तरी बोलाव. माझ्याकडून आणखी बिघडायचा." मिनिटाला चार हजार वेळा फिरतानाही न थरथरणारे मी, ते ऐकून आतून तडकले असते. पण तडकायला काही उरलेच नव्हते.

मला धाकट्याने घासून लाल रंग दिला आणि वर काच टाकून आपल्या नव्या घरात टेबल केले. पाहुणे भोकात बोट घालून विचारतात आणि तो शर्यतीची गोष्ट रंगवून सांगतो. गोष्टीत तो दरवेळी थोडा अधिक शूर होतो.

गेल्या महिन्यात ताई आली होती. कप काचेवर ठेवून तिने माझ्या फुटलेल्या कुशीवरून बोट फिरवले. "माझंच चुकलं रे कुठेतरी. अजून डोक्यातून जात नाही."

"सोड ना ताई आता. मी कधी एका शब्दाने बोललो का तुला त्यावरून?"

"नाही बोललास," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मन मोठं आहे तुझं."

क्षमा मागायची होती त्याने, आणि तो ती देऊन मोकळा झाला.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, पाणी घाला, ताडपत्रीखाली कुजवू नका, हे सगळे मी सांगायला हवे. पण तेल नसले तरी यंत्र काही काळ तग धरते. माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास एकदा गेला की तो भरायला कुठलाच डबा मिळत नाही. तुमच्या हातून चूक झाली, तर त्याच संध्याकाळी सांगा. आणि लेथवर कडी कापणारी, स्वतःच्याच हाताला भिणारी अशी एखादी ताई तुम्हाला कुठे भेटली, तर माझा एवढा निरोप द्या: तिचे आठही बोल्ट बरोबर आवळलेले होते.