पाखऱ्याच्या मार्फत

“पाखऱ्या, त्याला म्हनाव, रविवारची मंडळी आलीत. बांधाचं इचारायला.”

केरूनाना हे चांगलं मोठ्यानं म्हणाले, आणि तेही बैलाच्या कानाशी. मी हातातलं घमेलं धरून तशीच उभी राहिले. पाखऱ्या चिंचेखाली बसून रवंथ करत होता. त्यानं शेपटीनं एक माशी हाकलली, बाकी काही नाही. उत्तर आलं ते बांधापलीकडून. तिथं शेवंतीच्या वाफ्यात एक उंच, वाकलेला म्हातारा आमच्याकडे पाठ करून पाणी भरत होता.

“पाखऱ्या, त्याला म्हनाव, बांध हाय कुठं? दोघांनी कोरून कोरून टीचभर ठेवलाय. त्याच्यावरून खेकडा जाईल. मानूस नाय जायचा.”

मी मोतीरामभाऊंकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, “सख्खे भाऊ आहेत. तो थोरला, फकिरा. अबोला आहे.”

“किती दिवसांचा?”

“दिवस?” मोतीरामभाऊ हसले. “अहो योगिनीताई, मी केरूला ओळखतो तेव्हापासूनचा.”

मी टेलिफोन खात्यात नोकरीला. लोकांना एकमेकांशी जोडून देणं हेच माझं काम. पण बैलाच्या एक्स्चेंजमधून बोलणारे दोघे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि खरं सांगायचं तर मला हसू आवरेना. केरूनानांचा चेहरा दिसला तेव्हा मात्र ते आपोआप आवरलं.

आमची मंडळी म्हणजे कुठली संस्था नव्हती. पंचवटीत शिवणकामाचं दुकान असलेल्या मोतीराम बेंडकुळे यांना एकदा भोरडोंगरातली जुनी पायवाट सापडली, आणि त्यांनी दर रविवारी कोयता घेऊन ती मोकळी करायला सुरुवात केली, इतकंच. डांबरी रस्ता आणि एसटी येण्याआधी लोक या डोंगरातून पायीच घोटीच्या बाजाराला जात. मग वाटा मोडल्या. कुठे टणटणी माजली, कुठे दरड आली. पण मधली गावं आणि पाडे तिथेच राहिले. त्यांना पलीकडच्या सोयऱ्यांकडे जायचं तर नाशकाला येऊन, गाडी बदलून, अख्ख्या डोंगराला वळसा घालून जावं लागे.

मग प्रत्येक गावानं आपल्या हद्दीतला तुकडा करायचा आणि आम्ही शहरातल्या लोकांनी त्यांच्या हाताखाली राबायचं, असं ठरत गेलं. तुकड्याला तुकडा जोडत वाट दोन्ही बाजूंनी पुढे सरकू लागली. भांडणंही भरपूर झाली. शहरातल्या सायकलवाल्या पोरांना पायऱ्या नको होत्या, डोक्यावर ओझं नेणाऱ्या बायकांना चढावर पायऱ्याच हव्या होत्या, आणि मेंढपाळ म्हणत, दगड कमी करा, जनावरांचे खूर फुटतात. शेवटी चढावर एका अंगाला पायऱ्या आणि दुसऱ्या अंगाला मातीचा उतार, असा तोडगा निघाला. रुंदीचा नियम त्या ओझेवाल्या बायकांतल्या लंकाबाईंनी घालून दिला. डोक्यावर गवताची मोळी घेतलेली बाई आणि सायकलला दुधाच्या किटल्या अडकवलेला माणूस समोरासमोर आले, तर दोघांपैकी कुणालाही वाटेखाली उतरावं लागता कामा नये. आम्ही नवीन तुकडा झाला की खरोखरच एका बाईला मोळी देऊन आणि एका दूधवाल्याला सायकल देऊन समोरासमोर सोडत असू. कुणी उतरलं की पुन्हा कुदळी उचलायच्या.

केरूनाना त्या सगळ्या तुकड्यांवर होते. नाना झेंडू लावायचे, शनिवारी फुलबाजार करायचे आणि रविवारी आमच्याआधी कामावर हजर असायचे. अंगानं काडी, बोलणं जवळजवळ नाहीच. दगड बसवून झाला की त्याच्यावर उभे राहून एक उडी मारायचे. हलला नाही की पुढचा दगड. मी एकदा विचारलं होतं, “नाना, दुसऱ्यांच्या गावात येऊन एवढं का राबता?” तर म्हणाले, “लोकायला जायला व्हावं.” मला ते भाविक वाटले होते. माणसांना ओळखण्यात मी कायमच घाईची.

त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी घोटीकडची माणसं वाट करत करत खिंड उतरून नाल्यापर्यंत आली. मी खिंडीत उभी राहून पाहिलं तो दिवस मला अजून आठवतो. पश्चिमेला भाताची खाचरं, पूर्वेला फुलांचे आणि भाज्यांचे चौकोन, आणि दोन्हीकडून डोंगरावर चढत आलेली ती तांबूस वाट. कुणाचा हुकूम नाही, कुणाचं कंत्राट नाही. शिंपी, नर्स, दूधवाले, मेंढपाळ, माझ्यासारख्या कारकून बाया. आमच्या या हातांनी हे केलं, यावर विश्वास बसेना. मी चक्क खाली बसले.

राहिला होता तो फक्त एक बांध. नाल्यापासून अलीकडच्या वाटेपर्यंतचा. एका बाजूला खोल घळ, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी द्राक्षबागेचं तारेचं कुंपण. जायचं तर दोन शेतांच्या मधूनच. आणि ती दोन शेतं केरू आणि फकिरा विधाते यांची होती.

एके काळी त्या बांधावरून बैल चालत जाई म्हणे. वाटणी झाल्यावर दरवर्षी नांगरताना दोघांनी आपापल्या अंगानं बोटबोटभर बांध आत घेतला. असं सगळीकडेच चालतं. कुणी कबूल करत नाही, बांध मात्र बारीक होत जातो. जावा-जावांचं गुळपीठ होतं, एकाच विहिरीवर धुणं, एकीच्या घरचं कालवण दुसरीकडे. भाऊ तेवढे बोलत नव्हते. आणि अगदीच अडलं तर मध्ये पाखऱ्या होता. तो वाटणीत केरूनानांकडे आला होता, पण वासरू असताना त्याला हातानं भरवून वाढवलं होतं फकिराबाबांनी. त्यामुळे त्याच्याशी बोलण्यात दोघांनाही कमीपणा वाटत नसावा.

“पाखऱ्या,” केरूनाना पुन्हा म्हणाले, “त्याला म्हनाव, वाटंला लागंल तेवढी सगळी जागा मी माझ्या अंगानं देतो. त्याच्याकडून एक बोट नको.”

पलीकडे म्हाताऱ्यानं फावड्यानं वाफ्याचं तोंड बंद केलं. मग उत्तर आलं.

“त्याला म्हनाव, फुकटचं उपकार नको मला.”

आणि म्हातारा फावडं खांद्यावर टाकून निघून गेला.

परतताना केरूनाना माझ्याबरोबर चालत होते. वाटेतला एक दगड त्यांनी पायानं दाबून पाहिला. मग म्हणाले, “ताई, समद्या मुलखाच्या वाटा केल्या. अन् अडली ती माझ्याच दारात.”

“तुम्ही सरळ बोलून का बघत नाही त्यांच्याशी?” मी फटकन विचारलं.

“काय त्वांडानं बोलू?” ते थांबले. “बाप मेला तव्हा मी लय बारका व्हतो. थोरल्यानं वाढवलं मला. लगीन त्यानं केलं. अन् बांधाच्या मोजनीला चार मानसं जमली, तव्हा त्यांच्यापुढं मी त्याला चोर म्हनलो.”

“मग ते काय म्हणाले?”

“काय म्हननार? काहीच नाय बोलला. तव्हापासून बोललाच नाय.”

ते पुढे चालू लागले. मी मागे राहिले. दर रविवारी लोकांच्या हद्दीत जाऊन हा माणूस दगड का बसवत होता, ते मला तेव्हा समजलं. भावाशी बोलता येत नव्हतं, म्हणून तो सगळ्या डोंगराला वाट करून देत होता. मला त्यांची दया आली नाही. मला एकदम त्यांच्याविषयी धाक वाटला, देवळात गेल्यावर वाटतो तसा.

दसऱ्याला दोन आठवडे असताना आम्ही पुन्हा तिकडे गेलो, तर लांबूनच चंद्रभागाबाईंचा, केरूनानांच्या बायकोचा, आवाज ऐकू आला.

“दसरा त्वांडावर, अन् कळ्यांनी लगडलेली झाडं उपटली! ताई, तुम्हीच सांगा, कोन्ही शानं मानूस आसं करतं का?”

केरूनानांनी बांधालगतच्या झेंडूच्या ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उपटून टाकल्या होत्या. माती बांधावर ओढून चोपून बसवली होती, कडेला दगड लावले होते. फुलं बाजारात न्यायची वेळ जवळ आली होती, आणि झाडांचा ढीग बांधाच्या खाली सुकत पडला होता. बोलणाऱ्या चंद्रभागाबाईंच्या डोक्यावरही मातीचं घमेलं होतं. त्या शिव्या घालत होत्या आणि माती टाकत होत्या.

आम्ही दिवसभर राबलो. संध्याकाळी मोळी आणि सायकल समोरासमोर सोडली. दोघंही न उतरता पार झाले. टाळ्या पडल्या. फकिराबाबा पलीकडे शेवंतीत हात मागे बांधून उभे होते.

पुढच्या रविवारी घोटीकडची माणसं नाल्यावर येणार होती. वाट जोडली गेली म्हणून नारळ फोडायचा होता. आम्ही नाशिकहून गेलो. बांधापाशी पोहोचलो आणि सगळेच जागच्या जागी थांबलो.

बांध दुप्पट झाला होता.

पलीकडच्या अंगाची शेवंती गेली होती. फुलायला आलेली, दसरा-दिवाळीची शेवंती. तिच्या जागी माती होती, कुदळीनं सारखी केलेली, आणि कडेला दगडांची सरळ रांग. त्या आठवड्यात म्हाताऱ्यानं एकट्यानं ते केलं होतं. सबंध वाटेवर, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, एवढी रुंद जागा कुठेच नव्हती. बैलगाडी सहज गेली असती. मोतीरामभाऊंनी शिंप्याच्या सवयीनं दोन्ही हात पसरून अंदाज घेतला आणि म्हणाले, “अरे, हे तर ढगळ झालं!”

मग हसत हसत ते या कडेपासून त्या कडेपर्यंत पावलं मोजत गेले.

फकिराबाबा आपल्या दारातून ओरडले, “पाखऱ्या! त्याला म्हनाव, फिटलं उपकार!”

केरूनाना बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग नाल्यातून माणसं वर आली. आधी शेरडं, मग डोक्यावर तांदळाची गाठोडी घेतलेल्या बायका, मग सायकली, एक दूधवाला, काठी टेकत एक आजीबाई. आमच्या बाजूनं झेंडूच्या पाट्या घेतलेल्या बायका पुढे झाल्या. त्या बांधावर दोन मुलखांची माणसं समोरासमोर आली आणि कुणालाही खाली उतरावं लागलं नाही. आजीबाई मध्येच उभी राहिली. तिचं माहेर अलीकडच्या गावात होतं. ती लग्न होऊन गेली तेव्हा याच वाटेनं गेली होती. तिनं वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आजपर्यंत मी खूप देवळं पाहिलीत, पण एवढ्या लोकांना एकाच वेळी इतकं गप्प झालेलं कुठे पाहिलं नाही.

भावांचं मात्र तसंच राहिलं. नाही म्हणायला पाखऱ्याचं काम वाढलं. पूर्वी नडीला बोलत, आता रोज काही ना काही निघे. मी देखभालीच्या रविवारी जाई तेव्हा ऐकत बसे. पाखऱ्या, त्याला म्हनाव, औंदा शेवंतीवर मावा पडलाय. पाखऱ्या, त्याला म्हनाव, राख टाक. पाखऱ्या, त्याला म्हनाव, पोरीला बघायला मानसं येनार, निफाडकडची हायती. पाखऱ्या, त्याला म्हनाव, मी येतो, पन लांब बसंन. चंद्रभागाबाई कपाळावर हात मारून घेत. “बैल बिचारा ऐकून ऐकून म्हातारा झाला,” म्हणत.

आणि तो खरंच म्हातारा झाला होता. सिंहस्थ होऊन गेल्यानंतरच्या थंडीत एका रविवारी आम्ही कुदळी घेऊन गेलो, तर बांधावर माणसं जमलेली दिसली. पाखऱ्या पहाटे गेला होता.

त्याला हळदकुंकू लावलं होतं, अंगावर नवं धोतर पांघरलं होतं. बांधाच्या कडेला खड्डा खणणं चाललं होतं. एका अंगाला केरूनाना खणत होते आणि दुसऱ्या अंगाला फकिराबाबा. आम्ही पुढे झालो तर दोघांनीही हातानंच नको म्हटलं. दोन म्हातारे थांबत थांबत, धापा टाकत खणत राहिले. कुदळीचे आवाज एकाआड एक येत होते. वाटेनं येणारे जाणारे थांबत, हात जोडत आणि पुढे जात. खड्ड्यात मीठ पसरलं, सगळ्यांनी मिळून पाखऱ्याला खाली ठेवलं, माती लोटली. विठाबाई, फकिराबाबांची बायको, पदर तोंडाला लावून रडत होत्या.

मग काम संपलं, आणि काय करायचं ते कुणाला कळेना. दोघे भाऊ ताज्या मातीच्या दोन बाजूंना बसून राहिले. फकिराबाबांना जोराचा ठसका लागला. चंद्रभागाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या, पण केरूनानांनी तो त्यांच्या हातातून घेतला. ते मातीला वळसा घालून पलीकडे गेले. भावासमोर उभे राहिले. तांब्या पुढे केला.

“दादा,” ते म्हणाले, “पानी घे.”

फकिराबाबांनी सवयीनं चिंचेखाली मान वळवली. तिथं खुंटा होता आणि रिकामं दावं होतं. मग त्यांनी हात पुढे केला.

“दे, केरू.”