उसनं नाक

नूरमहंमदचं आडनाव अत्तार. त्याचे आजोबा उरुसात पेटी मांडून बसायचे आणि गिऱ्हाइकाच्या मनगटावर काडी फिरवून हिना, खस, गुलाब विकायचे. नातू गाड्यांचे एसी दुरुस्त करतो, आणि गेल्या चार वर्षांत त्याला कसलाही वास आलेला नाही. कोरोनाच्या तापात नाक गेलं ते गेलंच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं.

संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. गॅस भरायला, कॉम्प्रेसर उतरवायला नाक लागत नाही; तिथे हात आणि गेजचा काटा पुरतो. पण पावसाळा सरला की निम्मी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात: एसी लावला की कुबट वास मारतो. काम तसं सोपं. डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टर बदलायचा, आतली कॉइल फेसाच्या औषधानं धुवायची, एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी हवेनं फुंकायची. अवघड असतं ते पुढचं. गिऱ्हाईक विचारतं, "गेला का हो वास?"

तिथे त्याची बायको बानू कामाला यायची. नूरमहंमद घराकडे तोंड करून "चहा" अशी हाक द्यायचा. बानू पदराला हात पुसत बाहेर यायची, "किती कप?" म्हणत गाडीच्या उघड्या दारापाशी घडीभर रेंगाळायची आणि आत जायची. चहा कपबशीतून आला तर वास गेला. ग्लासातून आला तर अजून आहे. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. नाक नसलेला एसीवाला अशी एकदा बोंब झाली की गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजात वळणार, याची त्याला धास्ती होती. आपण कुणाला फसवतोय असं मात्र त्याला वाटायचं नाही. नाक घरचंच होतं, फक्त दुसऱ्याच्या चेहऱ्यावर होतं.

यंदा ऐन ऑक्टोबरात बानू बहिणीच्या बाळंतपणासाठी बेलापूरला गेली. पंधरा दिवस. जाताना कुंड्यांना पाणी घालायला बजावून गेली. नूरमहंमदनं ते इमानानं घातलं. एरवी कायम बोडकी दिसणारी गवती चहाची कुंडी आठवडाभरात तरारून वर आली, तेव्हा त्याला वाटलं, शेजारच्या बजरंगची शेळी सुधारलेली दिसते. त्या शेळीवरून त्यानं बजरंगशी दोनदा भांडण काढलं होतं.

त्याच आठवड्यात सूर्यभान नाना आले. पासष्टीचे, टोपी, पांढरा सदरा, आणि मुलानं नवी गाडी घेतल्यावर बापाला दिलेली जुनी गाडी.

"वास येतोय," नाना म्हणाले. "पुढल्या रविवारी पुण्याला नातीचं बारसं हाय. मंडळी म्हनत्यात, लाल डब्यानं जाईन, पन या गाडीत पाय ठेवायची न्हाई."

मंडळी म्हणजे रंगूबाई. त्यांना गाडी लागते. त्यात ती एसीची हवा नाकात गेली की घराच्या कोपऱ्यावरच पोटात ढवळायला लागतं. काचा उघड्या ठेवाव्या तर हायवेची धूळ. आणि लाल डबा म्हटला तरी चार तास उभं राहायला गुडघे कुठे आहेत? नानांनी हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "पहिली नात हाय. आजीच न्हाई म्हनल्यावर पाळना म्हनायचा कुनी?"

नूरमहंमदनं फिल्टर बदलला, कॉइल धुतली, नळी फुंकली. मग हवेच्या जाळीला नाक लावलं, डोळे मिटले, मनात पाचपर्यंत मोजलं आणि म्हणाला, "गेला."

नानांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. गाडीचं दार त्यांनी चार बोटं उघडलं, फटीत नाक घातलं, लगेच दार लावलं आणि आपल्याच सदऱ्याच्या बाहीचा वास घेतला. मग पैसे देऊन गेले. म्हातारपणी माणसं तऱ्हेवाईक होतात, असं म्हणून नूरमहंमदनं तो विषय सोडला.

चौथ्या दिवशी गाडी परत दारात. "चंदनापुरीच्या घाटात चढाला लागलो की येतोय," नाना म्हणाले. नूरमहंमदनं पुन्हा कॉइल धुतली आणि या खेपेला अत्तराच्या तीन बाटल्या पुढे ठेवल्या. मोगरा, चंदन, लिंबू, कुठलं लावू? नाना त्याच्याकडे बघतच राहिले. कुठलंही न लावता गेले.

गुरुवारी ते तिसऱ्यांदा आले. रविवार तीन दिवसांवर आलेला. बानू शनिवारी येणार होती. फोनवरून वास घ्यायची सोय अजून निघालेली नाही.

"बसा आत," नाना म्हणाले आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. "लावा एसी. आता घ्या वास."

नूरमहंमदनं जाळीला नाक लावलं. डोळे मिटले. पाचपर्यंत मोजलं. "नाना, आता तर काहीच नाही. साफ आहे."

नानांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. पुडी उघडीच होती. "हिंग हाय. सकाळपासून खिशात घिऊन फिरतोय. मंडळींनी आज मला चुलीपाशी उभं राहू दिलं न्हाई. आन् तुमी म्हनताय साफ."

नूरमहंमदचे कान तापले. त्यानं एसी बंद केला, किल्ली काढली, ती हातात फिरवत बसला.

"कोरोनात?" नानांनी विचारलं.

"चार वर्षं झाली."

"कुनाला ठाव हाय?"

"बायकोला." मग एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळंच जाऊ द्या, असं वाटून त्यानं कपबशीचं आणि ग्लासाचंही सांगून टाकलं. सांगताना तो रडकुंडीला आला होता. आता हा माणूस उठणार, गावभर सांगणार, आणि पाटी उतरवावी लागणार.

नाना उठले नाहीत. ते हसले, पण त्यात टवाळी नव्हती.

"मी तीस वर्षं दुधाच्या डॉकवर, म्हंजी कॅन उतरवून तपासायच्या ओट्यावर हुतो," ते म्हणाले. "घाटापल्याड एक शीतकरन केंद्र हुतं, आता बंद पडलं. रोज दोन-दोनशे कॅन यायचे. मशीन मागनं आली, आधी नाकच. झाकन उचललं की पैला वास झाकनाचा, मग स्वतःच्या बाहीचा, म्हंजी नाक फिरून कोरं हुतं. गाईनं कांद्याची पात खाल्ली तरी मला कळायचं. माज्या नाकावर कुनाचाबी कॅन परत जायचा, सरपंचाचाबी." ते थांबले. "मलाबी कोरोना झाल्ता. अकरा दिवस नाक बंद. कुनाला बोललो न्हाई. लोक म्हनतील, सूर्यभानचं नाक गेलं, मग सूर्यभान कशाला? झाकनाला नाक लावायचो आन् अंदाजानं पास म्हनायचो. सातव्या दिवशी एक आंबूस कॅन आत गेला, सगळी टाकी नासली. खापर कुलिंगच्या मशिनीवर फुटलं. मी गप बसलो. बाराव्या दिवशी नाक आलं, पन ते गप बसनं अजून टोचतंय. ते आज तुमाला सांगितलं, मंडळींनाबी ठाव न्हाई."

आपल्यासारखं कुणी असेल असं नूरमहंमदला चार वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि भूकही लागली.

"चला, आता काम करू," नाना म्हणाले. "हात तुमचे, नाक माजं."

दारं-काचा लावून गाडी अर्धा तास उन्हात ठेवली. मग नानांनी एकेक दार चार बोटं उघडलं, नाक, बाही, नाक, बाही. जाळीपाशी गेले, मान हलवली. सीटच्या पाठीला नाक लावलं, मान हलवली. शेवटी डाव्या पुढच्या सीटपाशी गुडघे टेकून पार खाली वाकले आणि तिथेच थांबले.

"वरून न्हाई येत. खालून येतोय. ओल्या गोनपाटाचा वास हाय हा."

नूरमहंमदनं तिथला रबरी मॅट उचलला. खालचं कार्पेट वरून कोरडं होतं, त्यामुळे आधी दोन्ही खेपेला त्यानं ते हातानं चाचपून सोडून दिलं होतं. आता त्यानं कडेची पट्टी काढून कार्पेट सोलून वर घेतलं. खालचं जाड नमद्यासारखं अस्तर दाबलं तसं बोटांमधून काळं पाणी आलं.

पुढचं त्याला नाकाशिवाय कळलं. गाडीखाली शिरून त्यानं पाण्याची नळी या खेपेला फुंकली नाही, सरळ काढूनच घेतली. तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. हवा मारली की कडेनं थोडं पाणी ठिबकायचं आणि त्याला वाटायचं, नळी मोकळी आहे. सपाटीवर तेवढं भागत होतं. घाटात गाडीनं नाक वर केलं की तुंबलेलं पाणी आतच सांडायचं. कॉइल शंभरदा धुतली असती तरी वास जाणार नव्हता.

"वास येत असता तर पहिल्याच दिवशी कार्पेट सोललं असतं," तो गाडीखालूनच म्हणाला.

"येत न्हाई म्हनून सांगितलं असतं, तरी पैल्याच दिवशी सोललं असतं," नाना म्हणाले.

त्यानं दुसरी नळी बसवली. अस्तर धुऊन दोन दिवस पत्र्यावर ऑक्टोबरच्या उन्हात वाळत घातलं, आणि बजरंगच्या शेळीपासून राखलंही.

शनिवारी दुपारी नाना रंगूबाईंना घेऊनच आले. सकाळीच बानू बेलापूरहून परतली होती. अस्तर, कार्पेट, मॅट सगळं जागच्या जागी गेलं होतं. नानांनी दार चार बोटं उघडलं, नाक घातलं, बाही हुंगली, पुन्हा नाक घातलं.

"पास," ते म्हणाले.

रंगूबाईंचा नवऱ्याच्या नाकावर विश्वास होता, पण स्वतःच्या पोटावर जास्त होता. त्या आत बसल्या, काचा लावून घेतल्या, एसी लावायला सांगितला आणि पदर तोंडाशी धरून चांगली दहा मिनिटं बसून राहिल्या. मग पदर खाली आला. नानांनी घरी सांगितलेलं दिसत होतं; उतरताना त्यांनी नूरमहंमदला सरळच विचारलं, "तुमाला खरंच वास येत न्हाई का वो?"

दुसऱ्या गाडीचं एक गिऱ्हाईक तिथेच उभं होतं. नूरमहंमदनं त्याच्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही येत, काकू. बायकोला येतो. वास तीच तपासते."

"मग पाटीवर तिचं नाव लावा की," रंगूबाई म्हणाल्या. ते गिऱ्हाईक हसलं, आणि आपल्या गाडीचा नंबर कधी लागेल असं विचारू लागलं. चार वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं होय, असं नूरमहंमदला झालं.

बानू बाहेर आली. "किती कप?" सवयीनं तिनं गाडीच्या दारापाशी जरा रेंगाळून घेतलं. चहा आला तो कपबशीतून. नाना नूरमहंमदकडे बघून मिशीत हसले. बशीत चहा ओतला, आणि पिण्याआधी जुन्या सवयीनं नाक खाली नेलं.

"कसला येतोय?" नूरमहंमदनं विचारलं. त्याला चहा म्हणजे गरम आणि गोड, घशाला टोचलं तर आलं, एवढंच कळायचं. बानू नव्हती तेव्हा तो स्वतःच्या हातचा चहा प्यायचा, त्यात आणि हिच्या चहात त्याला काडीचा फरक वाटला नव्हता.

"आलं हाय. ठेचल्यालं, किसल्यालं न्हाई," नाना सावकाश म्हणाले. "दूध म्हशीचं, सकाळचं. जरा खाली लागलंय." बानूनं ओठ चावला. "आन् गवती चहा. दोन पाती. आत्ताच कापल्याली."

नूरमहंमदनं मान वळवून कुंडीकडे पाहिलं. तरारून वाढलेलं गवत एका बाजूनं कातरलेलं होतं. बजरंगच्या शेळीनं कधी त्याला तोंडही लावलं नव्हतं.

"तू गवती चहा घालतेस अजून?" त्यानं बानूला विचारलं.

"रोज घालते."

"मला तर कळत नाही."

"तुम्हाला आज ना उद्या येईल वास," बानू म्हणाली. "ज्या दिवशी येईल, त्या दिवशी चहा नुसताच असला तर?"

त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं कुणापासून लपवले नाहीत. त्यानं आपली बशी नानांपुढे सरकवली.

"नाना," तो म्हणाला, "परत एकदा सांगा. सावकाश सांगा."

नानांनी बाही हुंगली, आणि बशीवर वाकले.