पात्यांची सावली

"अहो, हे उलटं फिरतंय!" मास्तरांनी टोपी सावरत मान वर केली आणि वाऱ्यावर ओरडून सांगितलं.

सोबतचा तंत्रज्ञ आधी दचकला, मग हसला. "सर, तुम्ही मागच्या बाजूला उभे आहात. पुढून बघा, बरोबर फिरताना दिसेल."

मास्तरांनी जीभ चावली. अख्खी नोकरी पॉलिटेक्निकात पवनचक्की शिकवण्यात गेली. पात्यांचा बाक, गिअरबॉक्स, वाऱ्याकडे तोंड वळवणारी मोटर, सगळं तोंडपाठ. पण फळ्यावरची पवनचक्की कायम पुढूनच दिसते आणि खडूचा हात पोचेल तेवढीच उंच असते. खरी पाहायचा योग आला तो निवृत्तीनंतर, आणि तोही एकट्याने.

खरं तर येण्यामागे बायकोचा एक प्रश्न होता. नव्या धड्याची रंगीत तालीम मास्तर घरीच करायचे. ती इस्त्री करता करता ऐकायची. "कळलं का?" असं विचारलं की म्हणायची, "कळून काय उपयोग, मला कुठे परीक्षा द्यायचीय!" एकदा मात्र इस्त्री उभी करून तिनेच विचारलं, "अहो, त्या पात्यांच्या सावलीत बसलं तर कसं वाटत असेल हो?"

मास्तर गडबडले. पुस्तकात सावलीवर अर्धं पान होतं. ती किती लांब पडते, जवळच्या घरांना तिचा त्रास कसा होतो, सगळं होतं. कसं वाटतं, ते तेवढं नव्हतं. "दोघं जाऊन बसू, मग सांगतो," म्हणाले. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तिचं दुखणं आलं. ती गेली, प्रश्न मागे राहिला.

"चला सर, आत शिडी दाखवतो," तंत्रज्ञ म्हणाला.

"नंतर. आधी सांगा, पात्यांची सावली कुठे पडते?"

म्हाताऱ्याला ऊन लागलं की काय, असं तंत्रज्ञाला वाटलं. "ती काय, कुंपणापाशी. पण ती धड सावली नाही हो, येते नि जाते. ऑफिसात बसा की, पंखा आहे."

"पंखाच बघायला आलोय, बाबा!"

उन्हं कलली होती. कुंपणापाशी मास्तरांनी पिशवीतली चादर अंथरली, सवयीने दोघांपुरती, आणि एका कडेला बसले. डोळ्यांपुढे क्षणभर अंधारलं, लगेच ऊन. पुन्हा अंधारलं. दोनदा त्यांनी चटकन मागे वळून पाहिलं. मागे नुसती पवनचक्की आणि माळरान होतं. इतकं एकटं त्यांना घरीसुद्धा वाटलं नव्हतं.

मग त्यांनी घसा खाकरला आणि वर्गात बोलायचे तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ऐक. कुणीतरी आपल्या पाठीशी येऊन उभं राहिलंय, असं वाटतं. वळून बघावं, तर कुणी नसतं."

चादरीच्या रिकाम्या अर्ध्यावरून सावली सरकत होती.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.