दात काढून टाकण्याआधी

सहा महिन्यांत बाबांचा हा चौथा दात किडला होता. फतेगंजमधल्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वसुंधराचे डोळे मिटत होते. शाळेत सहा तास शिकवायचं, घरी स्वयंपाक, बाबांच्या गोळ्या, आणि त्यात आता हे दात.

"सगळे एकदाच काढून कवळी बसवा, डॉक्टर," ती आत जाताच म्हणाली. "वय झालं, दात जायचेच."

डॉ. अवंतींनी बाबांचं, म्हणजे दत्ताजीरावांचं, तोंड नीट तपासलं. मग कागद घेऊन त्या त्यांच्याच शेजारी बसल्या. चहा किती वेळा, त्यात साखर किती, मधल्या वेळात काय खाता, गोळ्या कोणत्या, असं एकेक विचारू लागल्या. बाबा प्रत्येक प्रश्नावर "मजेत आहे" म्हणून मोकळे होत होते. वसुंधरा घड्याळाकडे बघत होती.

"काका, तोंड कोरडं पडतं का?"

दत्ताजीरावांनी लेकीकडे पाहिलं आणि हळूच खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या. हात थरथरायला लागले तेव्हा नवं औषध सुरू झालं, तेव्हापासून घशाला कोरड पडते, म्हणून दिवसभर एक गोळी तोंडात असते, असं त्यांनी सांगितलं. ब्रशही आताशा हातात ठरत नव्हता.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू दमून येतेस गं. अजून किती सांगू?"

वसुंधराने त्यांचा हात हातात घेतला. रोज ज्या हातावर ती गोळ्या ठेवायची, तो हात तिने कधी नीट पाहिलाच नव्हता!

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "या औषधाने लाळ कमी होते, आणि लाळ कमी झाली की दातांचं रक्षण कमी होतं. त्यात पेपरमिंटमुळे दिवसभर तोंडात साखर, आणि ब्रश नीट नाही. यांना कीड लागण्याचा धोका फार आहे. पण वयाला दोष देऊन आपण थांबलो, तर तो कमी होणार नाही."

किडलेला दात त्यांनी भरला. जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली, पेपरमिंटच्या गोळ्या बंद केल्या, घोट घोट पाणी प्यायला आणि दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. औषध मनाने बंद करू नका, त्यांच्या डॉक्टरांशी मी बोलते, असंही म्हणाल्या.

त्या संध्याकाळी वसुंधराने खुर्ची ओढून बाबांचे दात स्वतः घासले. दमणूक तेवढीच होती. पण तीन महिन्यांनी नवी कीड निघाली नाही.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे दात "जायचेच" म्हणून आपण सोडून देतो. त्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारायला हवं.