घोरणारा बोअर

जिल्हा नवा झाला, तसं भूजलाचं ऑफिस लातुरात आलं आणि मला तिथं नोकरी लागली. म्हणून भीमाशंकरअप्पांच्या बोअर मशीनवरचं, पाणी कुठं लागेल ती जागा दाखवायचं काम मी वर्षाचा करार संपायच्या आतच सोडलं. अप्पांनी दोन महिन्यांचा पगार अडवला, अनुभवाचा दाखलाही. त्याशिवाय नवं ऑफिस मला रुजू करून घेईना.

"करार मोडलास ते एक," अप्पा म्हणाले. "वर केवळाबाईचा रेणापूरचा बोअर फेल गेला. जागा तूच दावली. डिझेल काय तुझ्या देगलूरहून आलं व्हतं?"

"खाली भेगांचा खडक आहे, अप्पा. पाणी यायला हवं होतं."

"हवं व्हतं म्हनून तहान भागती का?"

तेवढ्यात केवळाबाईच अप्पांच्या दुकानात आल्या. "अप्पा, तुमचं भोक घोरून राहिलंय. फरशी ठेवली तर शिट्टी मारतंय. सुना तिकडं फिरकंनात. बुजवून द्या."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "चल, नरसिंग. हेबी तुझंच."

आम्ही तिघं रेणापूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बोअरच्या पाइपातून गार, ओलसर वासाची हवा वर येत होती. अप्पांनी तळहात धरला आणि खालीच बसले. ऊन उतरलं, तशी हवा थांबली. थोड्या वेळानं अप्पांच्या उपरण्याचं टोक आपोआप आत ओढलं गेलं.

"बाहेरच्या हवेचा दाब चढला की ती आत जाते, उतरला की आतली बाहेर येते," मी सांगितलं. कॉलेजात शिकलो होतो. पण दुपारभर वाहूनही न सरणारी हवा मावायला आत केवढी जागा लागेल, याचा विचार कधी केला नव्हता. या काळ्या दगडातल्या भेगा कदाचित रेणापूरच्या बाजारापर्यंत पसरल्या असतील. माझा आवाज आपोआप खाली आला.

"एवढी जागा कशाची?"

"पाण्याची. ते खाली गेलं, तिथं हवा शिरली. पाऊस झाला तर परत यायला हवं."

या वेळी अप्पांनी माझ्या 'हवं'वर टोमणा मारला नाही. त्यांचा हात सदऱ्याआड गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला.

"मग ह्यो फेल न्हाई. रिकामा हाय." अप्पा म्हणाले, "करार मोडल्याचा एक महिना कापतो. दुसरा घेऊन जा. दाखलाबी."

मला ते पटलं.

"सुनांना काय सांगू?" केवळाबाईंनी विचारलं.

"त्योबी पावसाची वाट बघून राहिलाय म्हनावं."

अप्पांनी कडुलिंबाचं एक वाळकं पान पाइपाच्या तोंडाशी धरलं. ते आत गेलं. ते तळाला लागल्याचा आवाज येणार नाही हे मला माहीत होतं. तरी त्या दोघांबरोबर मीही कान लावून बसलो.